बारा ते तीनचा खेळ

जुनं थिएटर बंद पडणार अशी कुजबुज सुरू झाली, की वर्तमानपत्रात एक लेख ठरलेला. त्यात शिट्ट्या असतात, पडद्यावर उधळलेली चिल्लर असते, ब्लॅकची तिकिटं असतात, शाळा बुडवून पाहिलेला सिनेमा असतो. पुण्यात 1934 पासून चाललेलं 'प्रभात' 2014 च्या अखेरीस बंद झालं, तेव्हा असे लेख मी भरपूर वाचले. लालबागच्या गिरणीच्या जागेवरच्या 'भारतमाता'बद्दलही वाचले. बेळगावातल्या एकपडदा थिएटरांबद्दल आता तेच वाचते. लेख मनापासून लिहिलेले असतात, खोटं त्यात काही नाही. पण त्यांत बायका कुठं आहेत?

खडेबाजारातल्या आम्हा बायकांना थिएटर म्हणजे आधी वेळेचा हिशेब. जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे चारला स्वयंपाकाला लागायलाच हवं. सकाळची भांडीकुंडी आटोपून मधे काय उरायचं, तर बारा ते तीन. दुपारचा पहिला खेळ नेमका त्यात बसायचा. थिएटर चालत जाण्याइतकं जवळ. रिक्षाचे पैसे मागायला नकोत, कुणी पोचवायला नको. "अक्का, मी जाऊन येतो बघा," म्हणायचं, शेजारणीला हाक मारायची आणि निघायचं. मंदिर, बाजार आणि माहेर सोडून बाईनं जावं अशी ती चौथी जागा. चातुर्मासात तीही बंद, पर्युषणात तर नावच नको. म्हणून उरलेल्या महिन्यांत तिचं अप्रूप जास्त.

1991 साली 'माहेरची साडी' आला. रडका सिनेमा म्हणून शहाण्यांनी नाकं मुरडली. सिनेमा म्हणून त्यात उणं पुष्कळ होतं, हे मीही म्हणेन. पण घरी रडायची सोय नसलेल्या बाईला अंधारात, चार ओळखीच्या बायकांशेजारी बसून मोकळं होता आलं, हे कुणी लिहिलं नाही.

मग बायका थिएटरातून गेल्या का? टीव्हीमुळं, असं सांगतात. ते अर्धंच खरं. संडासाला कडी नाही, पाण्याचा नळ कोरडा, खुर्चीत ढेकूण. पुढं पुढं दारावर अशी पोस्टरं लागू लागली, की त्या रस्त्यानं जातानाही मान खाली घालावी. मालकांनी आवाजाच्या यंत्रावर खर्च केला, बायकांच्या संडासावर नाही. बायका गेल्या तशी घरंही गेली. आज रिकाम्या खुर्च्या मोजताना हे कुणी मोजत नाही.

प्रेक्षक संपला म्हणावं, तर तसंही नाही. 2023 मध्ये 'बाईपण भारी देवा' पाहायला बायका घोळक्यानं, नटूनथटून गेल्या. मल्टिप्लेक्स स्वच्छ आहे, हे मान्य करायलाच हवं. पण तिथला खर्च तिकिटावर थांबत नाही. 2025 मध्ये कर्नाटक सरकारनं तिकिटाला 200 रुपयांची मर्यादा घातली, न्यायालयानं तिला स्थगिती दिली. वाद झाला तो तिकिटाचा. रिक्षाचं भाडं, खाण्याचे दर आणि उशीर झाला तर घरी स्वयंपाक कोण करणार, हे त्यात कुठंच नव्हतं.

भर बाजारातली जागा सोन्याच्या भावाची. मालकानं तोट्यात थिएटर चालवावं, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? आपल्याकडं 'हंस टॉकीज रोड' असा पत्ता लिहितो आपण. थिएटरचं नाव पत्त्यात राहतं, तेवढ्यानं बाईची दुपार राहत नाही. पुण्याचं 'प्रभात' मात्र 2015 मध्ये 'किबे लक्ष्मी' म्हणून पुन्हा उघडलं. म्हणजे वाट अगदीच बुजलेली नाही. कॉम्प्लेक्स उठणारच असेल, तर त्यात शंभर-दीडशे खुर्च्यांचा एक स्वच्छ पडदा मागता येईल. तोवर आपल्या समाजाची मंगल कार्यालयं आहेतच. लग्नसराई सोडली तर दुपारी कुलूपच असतं त्यांना. महिन्यातून एकदा तिथं पडदा लावायला कुणाची हरकत असावी?

हे ठरवायला कधीतरी बैठक होईल. मालक येतील, नगरसेवक येतील, समाजातली मोठी माणसं येतील. माझं मागणं एवढंच, की ती बैठक रात्री नऊला ठेवू नका. बारा ते तीन ठेवा, म्हणजे आम्हाला येता येईल.