आसवांचे गाणे कोणाचे?

मराठी समीक्षेने अश्रूंचा विचार केला तो नेहमी करुणरसाच्या दारातून. त्या दारात कोणाला उभे केले आहे, हे मात्र तिने पाहिले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात शोक हा स्थायीभाव स्त्रियांच्या आणि ‘नीच’ प्रकृतीच्या माणसांच्या ठायी सांगितला आहे. उत्तम आणि मध्यम प्रकृतीचे लोक दुःख धैर्याने गिळतात, नीच माणसे रडतात, अशी ती वाटणी आहे. म्हणजे रडणे आमच्या वाट्याला दिले आणि रडण्याचे शास्त्र मात्र दुसऱ्यांनी लिहिले! ही वाटणी नाट्यगृहापुरती राहिली नाही. आजच्या लोकप्रिय गाण्यांतही ती जिवंत आहे. फरक एवढाच की, आता उत्तम प्रकृतीच्या माणसाचे अश्रू भावगीत होतात आणि आमचे अश्रू ‘रडगाणे’ ठरतात.

मी दहिवलीत राहतो. उल्हास नदी ओलांडली की कर्जत स्टेशन. मुंबईच्या लोकलची ही शेवटची बाजू असल्यामुळे मुंबईत जे वाजते ते आमच्याकडे त्याच दिवशी पोचते, आणि घाटाच्या बाजूचे जुने सूरही अजून पुरते मेलेले नाहीत. लग्नाच्या मांडवात, हळदीत, पुण्यतिथीच्या कार्यक्रमात ध्वनिक्षेपकावरून रडण्याची गाणी ऐकत ऐकतच मी म्हातारा झालो. म्हणून हा विषय मला ग्रंथालयात शोधावा लागला नाही.

आधी प्रस्थापितांच्या अश्रूंकडे पाहू. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने वर्षभर ‘गीतरामायण’ ऐकवले. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. मध्यमवर्गीय महाराष्ट्र रेडिओसमोर हात जोडून बसला आणि सीतेच्या त्यागाने त्याचे डोळे भरून आले. माडगूळकरांचे शब्दप्रभुत्व मी नाकारत नाही. पण ज्या उत्तरकांडात सीतेचा त्याग आहे, त्याच उत्तरकांडात शंबूकाचा वध आहे. सीतेला गीत मिळाले, शंबूकाला ५६ गीतांत एकही नाही. आणि शंबूकाची कथा तरी सुरू कशाने होते? एक ब्राह्मण मेलेला मुलगा घेऊन रामाच्या दारात रडत येतो. त्याचे अश्रू राजाला ऐकू जातात, अपराधी शोधला जातो, आणि तपश्चर्या करणाऱ्या शूद्राचे मस्तक धडावेगळे होते. एका बापाच्या आसवांची किंमत दुसऱ्याच्या मानेने चुकवली गेली. शंबूकाच्या घरी कोण रडले, याचे काव्य वाल्मीकीने केले नाही, माडगूळकरांनीही केले नाही. ते रेडिओ-पर्व संपून सहा महिने होतात न होतात तोच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी रामाला देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली. महाराष्ट्र एकच, वर्षही एकच. पण रडण्याची कारणे दोन.

चित्रपटाने पुढे हा माल अधिक स्वस्तात विकला. १९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला. अलका कुबल पडद्यावर रडत होत्या आणि थिएटरात बायका पदराला डोळे पुसत होत्या. सुशिक्षित समीक्षकांनी या चित्रपटाची यथेच्छ टिंगल केली. मला त्या टिंगलीत सामील व्हावेसे वाटत नाही. आमच्या वस्तीतल्या बायाही तो पाहायला गेल्या, रडल्या, पुन्हा गेल्या. दिवसभर दुसऱ्यांच्या घरची भांडी घासणाऱ्या बाईला तीन तास उघडपणे रडायला मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. अशा बाईला पडद्यावरची सून हे निमित्त होते; ती रडत होती स्वतःसाठी. माझा आक्षेप तिच्या अश्रूंवर नाही, त्या अश्रूंना चित्रपट जिथे नेऊन सोडतो त्या जागेवर आहे. तिथे दुःखाला सासू असते, नशीब असते, कुंकू असते. मजुरी नसते, जात नसते, पाण्याची रांग नसते.

मग आमची गाणी काय करतात? ६ डिसेंबर १९५६ नंतर गावोगाव जे शोकगीत उमटले, त्याचे पाणी वेगळे होते. वामनदादा कर्डकांचे (१९२२–२००४) उदाहरण घ्या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. त्यांच्या गाण्यात बाप गेल्याचे दुःख आहे, पण ते दुःख हंबरडा फोडून थांबत नाही. ते वळून उद्योगपतींना नावानिशी विचारते की, संपत्तीतला आमचा वाटा कुठे आहे. बाबासाहेबांच्या नावावर पुढारपण करणाऱ्यांनाही ते सोडत नाही. रडता रडता हिशेब मागणे हा आंबेडकरी गीताने मराठीला दिलेला नवा प्रकार आहे. करुणरसाच्या चौकटीत तो बसत नाही, कारण तिथे रडणाऱ्याने प्रश्न विचारायचा नसतो.

पण दुसऱ्यांना झोडपून झाल्यावर आपल्या घरातही पाहिले पाहिजे. कॅसेटचा जमाना आला, तशी भीमगीते चित्रपटाच्या चालींवर बसू लागली. चालीबरोबर चित्रपटाची बाईही आत आली. याचा सर्वांत मोठा फटका रमाईला बसला. आमच्याकडे २७ मे रोजी, रमाईच्या स्मृतिदिनी, गायन पार्टी येते. गाण्यामागून गाणी होतात, आणि बहुतेक गाण्यांत रमाई एकच काम करते: रडते. ठिगळाचे लुगडे, शेणाच्या गोवऱ्या, पतीची वाट, कपाळाचे कुंकू. गायकाचा आवाज मुद्दाम फाटतो, सिंथेसायझरवर सनई वाजते, पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसतात आणि गायकावर दहा-दहाच्या नोटा पडतात. मला विचाराल तर ही ‘माहेरची साडी’च आहे, फक्त काठ निळा आहे.

रमाईच्या वाट्याला दुःख नव्हते काय? होते, आणि गाण्यात येते त्याहून फार कठोर होते. जन्माला आलेल्या मुलांपैकी एकटा यशवंत जगला. १९२६ साली राजरत्न गेला, तेव्हा खुद्द बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात आपण पार मोडून गेल्याचे कळवले आहे. ज्या पुरुषाला आपण पुतळ्यात नेहमी ताठ उभा पाहतो, तोही खचला होता. मग गाण्यात फक्त रमाईच का रडते? बाबासाहेब का रडत नाहीत? भरताची वाटणी आमच्या गायन पार्टीने न वाचताच पाळली आहे! बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील आपला ग्रंथ रमाईच्या स्मृतीला अर्पण केला, त्यात तिच्या मनाच्या थोरवीचा आणि टंचाईच्या दिवसांत सोबतीने सोसण्याच्या तयारीचा उल्लेख आहे. कीव नाही. एवढा अर्थ तरी आमच्या गीतकारांनी उचलायला हवा होता.

यावर कार्यकर्ते म्हणतात, रडणेच बंद करा, आम्हाला विद्रोह हवा. दलित साहित्याच्या समीक्षेतही वेदना, नकार, विद्रोह अशी शिडी मांडून वेदनेला सर्वांत खालची पायरी देण्याची सवय जडली. हे मला पटत नाही. माझी आजी कोणी गेले की हेल काढून रडायची. त्या रडण्यात शब्द असत. मेलेल्याने किती वर्षे कोणाच्या शेतात राबून काय मिळवले, कोणी पाणी वरून ओतले, आजारपणात कोणी दारातून परत पाठवले, हे सारे ती सुरात सांगे. गावकीत दुसऱ्यांच्या मयताची खबर गावोगाव पोचवणे हे महाराचे काम होते. उन्हातान्हात धावत जाऊन परक्यांच्या रडण्याची वर्दी द्यायची. १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. आपल्या मयताची वर्दी द्यायला मात्र आजीचा हा हेलच होता. बयाजवार जबानी होती ती. तिला वेदनेची पायरी म्हणायचे की विद्रोहाची? हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, आणि त्या बायांनी रचल्या आहेत. आमच्या किती प्राध्यापकांनी वस्तीतल्या म्हातारीचे रडणे टिपून घेतले?

रडण्याला दाद मिळाली नाही की काय होते, हेही आपण पाहिले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. शाहीर विलास घोगरे यांनी ते पाहिले आणि चार दिवसांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटात हे आहे. दुसऱ्यांच्या दुःखाला आयुष्यभर आवाज देणाऱ्या माणसाचा हा शेवट आहे.

आणि आमच्या दाराशी काय झाले? १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर आदिवासींची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली आणि शोध थांबवला. दुसऱ्याच दिवसापासून आमच्या मोबाइलवर त्या वाडीच्या चित्रफिती येऊ लागल्या. उर बडवणाऱ्या एका बाईचा आवाज पूर्ण बंद केलेला, आणि त्याजागी चित्रपटातले एक रडके गाणे लावलेले. ती बाई तोंड उघडून काहीतरी सांगत होती. कोणाची नावे घेत असेल, काही मागत असेल, कोणाला जाब विचारत असेल. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे त्याच आठवड्यात सरकारनेच विधानसभेत सांगितले. कदाचित तीही तेच आपल्या शब्दांत सांगत असेल. वस्तीतल्या पोरांनी ती चित्रफीत मला दाखवली, ‘गाणं काय लावलंय बघा सर’ म्हणून. मी त्यांना मूळ आवाजाची चित्रफीत शोधायला सांगितले. त्यांनी दोन दिवस शोधली. मिळाली नाही.