थांबविण्याची कळ

विद्यार्थ्यांनी नवी साधने आत्मसात केली, हे विधान गेल्या काही वर्षांत आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचा अर्थ विचारण्याचे कुणाला सुचत नाही. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि धडा मोबाइलच्या पडद्यावर आला. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी मंचावरच्या चित्रफिती, पाठ्यपुस्तकात छापलेले क्यूआर कोड, शिक्षकांनी घरी बसून केलेली ध्वनिमुद्रणे, असे पुष्कळ साहित्य मुलांपुढे आले. ते किती मुलांनी पाहिले, याची मोजदादही झाली. परंतु पाहणे म्हणजे आत्मसात करणे काय? कादंबरीच्या किती प्रती खपल्या यावरून ती किती जणांच्या मनात उतरली हे ठरत नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला हा अनुभव चांगलाच परिचयाचा असतो.

मी एका लहान खाजगी शाळेत मराठी शिकवितो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकवर थांबले. तेव्हा शिक्षणशास्त्रज्ञाचा आव मला आणता येणार नाही. मी बोलणार आहे ते माझ्या हातून घडलेल्या चुकीबद्दल.

त्या वर्षी पावसावरच्या एका कवितेची चित्रफीत मी मोठ्या हौसेने तयार केली. मागे बासरी, समोर हिरवे डोंगर, छत्री घेतलेली एक मुलगी, खाली सरकणाऱ्या ओळी आणि त्यांवर माझे वाचन. मुलांना ती अतिशय आवडली. नंतर मी त्यांना 'मी पाहिलेला पाऊस' यावर चार ओळी लिहावयास सांगितले. जवळजवळ सर्वांनी हिरवे डोंगर आणि छत्रीतली मुलगी लिहिली. आमचे गाव माणदेशातले. तेथे पाऊस येतो तो आधी धुळीचा लोट घेऊन, आणि पुष्कळदा धूळ उडवूनच परत जातो. तो पाऊस एकाही वहीत नव्हता. कवितेने मुलाला त्याचा स्वतःचा पाऊस आठवू दिला असता. माझ्या चित्राने तो पुसून टाकला.

याचे कारण पुढे वाचनात सापडले. गॅव्ह्रिएल सॉलोमन या अभ्यासकाने १९८४ साली अमेरिकेतील सहावीच्या मुलांविषयी लिहिले आहे. मुलांना दूरचित्रवाणी सोपी वाटते आणि छापील मजकूर अवघड वाटतो. म्हणून पडद्यापुढे ती मनाला कमी कष्ट देतात, आणि त्या मानाने त्यांच्या हाती कमी लागते, असा त्याचा निष्कर्ष. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने तर माझ्या चित्रफितीतले दोष न पाहताच सांगून ठेवले होते. चित्र आणि बोललेले शब्द एकत्र आले तर शिकणाऱ्याला मदत होते. पण तेच शब्द पुन्हा पडद्यावर लिहून दाखविले, किंवा शोभेसाठी संगीत घातले, तर लक्ष फाटते. मेयर आणि पॉल चँडलर यांनी २००१ साली आणखी एक गोष्ट दाखविली. वीज कशी निर्माण होते हे सांगणारे अडीच मिनिटांहूनही लहान चलच्चित्र त्यांनी सोळा तुकड्यांत विभागले आणि पुढे जाण्याची कळ विद्यार्थ्याच्या हाती दिली. सलग पाहणाऱ्यांपेक्षा या विद्यार्थ्यांना विषय अधिक उमगला, शिकलेले नव्या प्रश्नाला लावता आले.

म्हणजे चित्र किती देखणे आहे, यापेक्षा कळ कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न मोठा. कळ हातात असली म्हणजे सारे साधले असेही नाही. माझ्या वर्गातली कित्येक मुले चित्रफीत दुप्पट वेगाने पळवीत आणि 'पाहिली' म्हणून कळवीत. पण त्याच वर्गात आठवीतली एक मुलगी होती. घरात मोबाइल एकच. वडील कामावरून आले म्हणजे रात्री तिच्या वाट्याला येई, तोही भावाचे झाल्यावर. ती एकेक वाक्य थांबवून ऐके आणि वहीत स्वतःच्या शब्दांत उतरवून घेई. वर्गात तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता.

गावाची आठवण सांगणारे काहीतरी तयार करा, असे मी पुढे मुलांना सांगितले. तिने आजीला बोलते केले. १९७२ च्या दुष्काळात, नुकती लग्न होऊन आलेली असताना, खडी फोडायला जावे लागले त्याची ती हकीकत. तीन छायाचित्रे, आजीचा आवाज आणि शेवटी मुलीची स्वतःची चार वाक्ये. आरंभ लांबलेला आहे, एक छायाचित्र अंधुक आहे. हे दोष मी तिला दाखविले. पण या कृतीत एकही गोष्ट शोभेसाठी नाही. इतरांप्रमाणे तू मागे संगीत का घातले नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "घातलं होतं सर, पण त्या गाण्यात आजी ऐकायलाच येईना. मग काढून टाकलं."

मेयरने प्रयोगांती सांगितलेले तिला आजीच्या आवाजाने शिकविले. काय ठेवावे आणि काय गाळावे, हा निर्णय तिने केला. साहित्यात आपण याच निर्णयाला महत्त्व देतो. तोच निकष या नव्या साधनांना का लावू नये? मुलाने साधन उचलले असे मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा त्याने त्यात स्वतःचे काही घातले असेल आणि कशासाठी तरी काही काढून टाकले असेल. बाकीचे नुसते प्रेक्षक. आणि त्यांना प्रेक्षक केले आम्हीच, तयार हिरवे डोंगर दाखवून.

शाळा उघडल्यावरही चित्रफिती राहिल्या आहेत, आणि त्या राहाव्यात. मीही करतो. मात्र आता पावसाच्या कवितेला मी चित्र लावीत नाही. ओळी वाचतो, थांबतो, आणि मुलांना त्यांचा पाऊस सांगावयास लावतो. गेल्या वर्षी एकाने लिहिले, "आमचा पाऊस ढग दाखवून जातो." ती वही मी जपून ठेवली आहे.