खुर्चीची वंशावळ: ‘प्रोव्हेनन्स’ ही फिल्म संशोधकाने कशी बघावी?

संशोधनाचा प्रश्न कसा शोधायचा हे सांगणारी पुस्तकं भरपूर आहेत. मला ते जास्त नीट कळलं एका फिल्ममधून, जिच्यात कुणी काहीच समजावून सांगत नाही. एमी सीगल या अमेरिकन कलावंत बाईंची ‘प्रोव्हेनन्स’ (२०१३). लांबी साधारण ४० मिनिटं. निवेदक नाही, मुलाखती नाहीत. विषय एकच, खुर्च्या.

आधी पार्श्वभूमी. १९५०च्या दशकात चंदीगड उभं राहिलं तेव्हा ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आणि त्यांच्या टीमने सरकारी कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ यांच्यासाठी सागवानी फर्निचर तयार केलं. उलट्या ‘व्ही’सारखे पाय, वेताची बैठक. पुढे त्याची मोडतोड झाली. मग सरकारी भाषेत ज्याला ‘निर्लेखन’ म्हणतात ते झालं, आणि ढीगच्या ढीग किरकोळ भावात लिलावात गेले. परदेशी डीलरांनी ते उचललं, दुरुस्त केलं आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या बाजारात ‘व्हिंटेज’ म्हणून विकलं. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने विक्री आणि निर्यात थांबवण्याचा आदेश काढला. पण १९७२च्या पुरावशेष कायद्यात अशी वस्तू ‘पुरावशेष’ ठरायला १०० वर्षं जुनी लागते. हे फर्निचर त्यात बसतच नाही. परदेशातले लिलाव चालूच राहिले.

आता सीगल काय करतात ते बघा. त्या ही गोष्ट उलटी सांगतात. सुरुवात श्रीमंत संग्राहकांच्या घरांतून. मग लिलाव, मग दुरुस्तीची वर्कशॉप, मग जहाज, आणि शेवटी चंदीगड, जिथे तशाच खुर्च्यांवर अजून लोक बसून कामं करतायत आणि काही खुर्च्या मोडून ढिगात पडल्यात.

हा क्रम म्हणजेच फिल्मचा युक्तिवाद आहे, असं माझं म्हणणं. सरळ क्रमाने सांगितली असती तर ही भंगारातून दिवाणखान्यापर्यंतची यशोगाथा झाली असती, म्हणजे अगदी डीलरला हवी तशी गोष्ट. उलट क्रमात दर टप्प्याला किमतीचा एकेक थर उतरतो. आधी दिवाणखान्याचा प्रकाश जातो, मग नवी गादी, मग पॉलिश. शेवटी उरते ती कचेरीतली खुर्ची. तुमच्या प्रबंधातल्या प्रकरणांचा क्रम ठरवताना हे आठवा. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने मांडायच्या, असा काही नियम नाही.

सीगल स्वतःलाही सूट देत नाहीत. ही फिल्मच त्यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये लंडनला ख्रिस्तीजच्या लिलावात विकायला ठेवली आणि त्या विक्रीवर ‘लॉट २४८’ ही दुसरी फिल्म केली. बाजाराचा अभ्यास करणारा बाजाराबाहेर उभा नसतो, हे त्यांनी करून दाखवलं. आपण ‘संशोधकाची भूमिका’ या मथळ्याखाली दोन परिच्छेद लिहितो आणि सुटतो.

तरी माझी एक तक्रार आहे, आणि ती लहान नाही. फिल्म चंदीगडला पोचते आणि थांबते, जणू तेच उगमस्थान. खुर्ची कचेरीत जन्मत नाही. ती कुणी सुताराने जोडली, कुणी वेत विणला. जानरेंबरोबर फर्निचरवर काम करणाऱ्या युली चौधरींसारख्या भारतीय आर्किटेक्ट होत्या. बाजारात नाव चालतं ते मुख्यतः जानरेंचं. कॅमेरा फक्त आजचं टिपतो, आणि घडवणारे हात आज फ्रेममध्ये नाहीत. त्यामुळे मालकीची साखळी फिल्म तपासते, पण कर्तृत्वाचा प्रश्न बाजाराने सोडला तिथेच सोडते.

‘प्रोव्हेनन्स’ या शब्दातच ही गोम आहे. लिलावघरात त्याचा अर्थ ‘कुणाकुणाकडे होती’. अभिलेखागारात त्याचा अर्थ ‘कोणत्या कचेरीच्या कामातून हे निर्माण झालं’. या खुर्च्यांच्या पाठीवर रंगवलेली अक्षरं आणि आकडे हे याचं उत्तम उदाहरण. कचेरीसाठी ती डेडस्टॉकची नोंद होती. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये तीच अस्सलपणाची खूण झाली. खूण तीच, पण पुरावा वेगळ्या गोष्टीचा.

अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ (१९८६) या पुस्तकात इगॉर कोपिटॉफ यांचा वस्तूच्या चरित्रावरचा निबंध आहे. तो आणि ही फिल्म एकत्र अभ्यासा. निबंध विचारतो, वस्तू कधी विक्रीची होते आणि कधी त्यातून बाहेर पडते? फिल्म ते डोळ्यांना दाखवते. दोन्हींतून सुटलेलं काम आपलं: आराखडे, टेंडर, बिलं, हजेरीपट.

सराव करायचा तर लांब जाऊ नका. तुमच्या डिपार्टमेंटमधलं एक जुनं लाकडी कपाट निवडा, त्यावरचा नंबर उतरवून घ्या आणि डेडस्टॉक रजिस्टर मागा. कोणत्या वर्षी घेतलं, किती रुपयांना, कुणाकडून, हे बहुतेक सापडेल. घडवणाऱ्याच्या नावाचा रकाना त्यात आहे का, तेवढं बघा.