खांडेकर आणि बोलपट

सांगलीस १८९८ सालीं जन्मलेले वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेंत शिकवीत असतांच १९३६ सालीं 'छाया' या बोलपटाचे कथालेखक झाले. पुढें मास्टर विनायकांसाठीं 'ज्वाला', 'देवता', 'अमृत' हेहि त्यांनीं लिहिले. बोलपटानें कादंबरीकार बिघडविला, असें म्हणणारे रसिक पुष्कळ. आम्हांस तें मान्य नाहीं. सुभाषितांचा सोस 'उल्का' व 'दोन ध्रुव' (१९३४) यांतच आहे. तेथें बहुतेक पात्रें लेखकाच्याच भाषेंत बोलतात. (आमचे पलूसचे विद्यार्थी तीं वाक्यें वहींत उतरवितात आणि कथा विसरतात!) उलट 'ययाति'मध्यें (१९५९) ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आपापली हकीकत स्वतः सांगतात. लेखकानें मागें सरून पात्राला बोलूं देण्याची ही शिस्त त्यांनीं पडद्यापाशींच गिरविली असावी. तरी शर्मिष्ठेच्या मुखानें शिरोड्याचे मास्तर अधूनमधून बोलतातच.