निसर्गसहल : यादी की प्रश्न?

शाळाशाळांतून निसर्गसहली निघतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला आणि २००३ साली तो पुन्हा बजावला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दप्तराविना दिवसांची कल्पना मांडली. तेव्हा मुलांना वर्गाबाहेर न्यावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. बाहेर नेऊन आपण नेमके काय करतो, हे मात्र तपासायला हवे. अशा सहलींना मार्गदर्शक म्हणून आम्हीही जात असतो. त्यामुळे पुढील टीका प्रथम आमच्यावरच आहे, हे शिक्षकमित्रांनी ध्यानात घ्यावे.

एका गावातील शाळेबरोबर आम्ही ओढ्यावर गेलो होतो. मुलांच्या हाती आम्हीच तयार केलेला छापील तक्ता होता : वनस्पती, कीटक, पक्षी आणि त्यांची शास्त्रीय नावे. आम्ही नाव सांगायचे, मुलांनी लिहून घ्यायचे. दीड तासात तक्ते भरले. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, वरच्या अंगाला पाणी चांगलं असतं. धुण्याच्या धोंडीखालीच ते घाण का होतं?" आम्ही म्हणालो, "ते नंतर बघू, आधी यादी पुरी कर." ते 'नंतर' कधी आलेच नाही. त्या सकाळी विज्ञानाचा खरा प्रश्न एकच विचारला गेला, आणि तो आम्ही बाजूला सारला.

नावे माहीत असणे वाईट नाही. पण मोठ्यांनी सांगितलेले नाव उतरवून घेणे म्हणजे निरीक्षण नव्हे. तुलना, मोजणी आणि पडताळा यांवाचून विज्ञान होत नाही. त्या मुलीच्या प्रश्नात तुलना आधीच होती : वरचे पाणी आणि खालचे पाणी. उरलेले काम फार खर्चाचे नव्हते.

ओढ्यावर तीन जागा ठरवाव्यात : गावाच्या वर, धुण्याच्या जागेखाली आणि आणखी काही अंतरावर. प्रत्येक ठिकाणी तळाचे थोडे दगड हलवावेत, खालच्या बाजूला पिठाची चाळणी धरावी आणि हाती आलेले जीव पांढऱ्या थाळीत पाण्यात सोडून दहा मिनिटे मोजावेत. नाव येत नसेल तर चित्र काढावे. पोटाच्या कडेला कल्ले आणि मागे शेपटीसारखे दोन-तीन तंतू असलेली पिल्ले बहुधा मेफ्लाय या कीटकाची असतात. ती सामान्यतः भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात आढळतात. गाळात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या कायरोनोमस जातीच्या माशांच्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, म्हणून प्राणवायू कमी असला तरी त्या तग धरतात. सांडपाणी, शेण, खरकटे पाण्यात पडले की ते कुजवणारे जीवाणू प्राणवायू खर्च करतात. म्हणजे थाळीतल्या जिवांवरून पाण्याची प्रकृती काही अंशी वाचता येते.

'काही अंशी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एका जागी दगड आणि दुसऱ्या जागी चिखल असेल, तर फरक तळामुळेही पडू शकतो. म्हणून शक्यतो सारखा तळ, सारखा वेळ आणि तीच चाळणी हवी. एका फेरीवर निष्कर्ष काढू नये, दर महिन्याला नोंद व्हावी. आणि मेफ्लाय सापडली म्हणून पाणी पिण्याजोगे ठरत नाही, कारण रोगजंतू थाळीत दिसत नाहीत. पुरात ओढ्यावर जाऊ नये आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, हेही याच पाठाचे भाग आहेत.

हे शाळेत जमेल का, असे कोणी विचारील. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला आणि १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला. तेथील 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत प्रयोग आणि परिभ्रमण हे अभ्यासक्रमाचेच अंग होते. मुलांनी पाहावे, आपल्या शब्दांत लिहावे आणि वर्गात त्यावर चर्चा करावी, अशी पद्धत होती. राज्य शासनाने २००२ मध्ये तो कार्यक्रम थांबवला. त्या वादात येथे शिरत नाही. साध्या सरकारी शाळांतून तीस वर्षे हे काम चालले, एवढे आमच्या मुद्द्याला पुरे आहे.

आमची दुसरी तक्रार 'लोकसहभाग' या शब्दाविषयी आहे. सहलीला सरपंच येतात, छायाचित्र निघते, अहवाल वरच्या कार्यालयात जातो. ज्यांचा ओढा आहे त्यांच्या हाती मात्र काही पडत नाही. धुणे धुणाऱ्या बायकांना पाणी कोणत्या महिन्यात बिघडते, ते आधीपासून ठाऊक असते. मुलांनी त्यांना विचारावे, त्यांचे म्हणणे आपल्या नोंदीशी ताडून पाहावे आणि वर्षाचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. त्यात दोष धुणाऱ्या बायकांवर ढकलण्याची घाई नको. दुसरीकडे पाण्याची सोय नसेल, तर त्या ओढ्यावर येणारच. सोय कोणी करावी, हा प्रश्न मग ग्रामसभेत विचारता येईल, आणि विचारणाऱ्याच्या हातात वर्षभराची नोंद असेल.

आमचा छापील तक्ता आता आम्ही बंद केला आहे. मुलांना कोरी वही देतो. पहिल्या पानावर प्रश्न मुलांचाच असतो, आणि उत्तर आम्हांलाही ठाऊक नसले तरी चालते. शिक्षकांनीही पुढच्या सहलीत एवढे करून पाहावे : जागा एकच निवडावी आणि तिथे वर्षभर पुन्हा पुन्हा जावे.