स्नेह की रती? : कर्क आणि स्पॉक यांच्याविषयीचा वाद

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर, बिंदुसरा धरणालगत, पाली हे गाव लागते. गेल्या उन्हाळ्यात तेथे एका आप्तांच्या घरी आमचा आठ दिवस मुक्काम होता. घरात दोन बहिणी. थोरली नुकतीच शिक्षिका झालेली, धाकटी महाविद्यालयात शिकणारी. रात्रीची जेवणे आटोपली की दोघी माळवदावर सतरंजी टाकून एका जुन्या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेचा एकेक भाग पाहत, आणि भाग संपला की कडाक्याने भांडत. वाद रोज एकच. मालिकेतील कॅप्टन कर्क आणि मिस्टर स्पॉक हे एकमेकांचे मित्र, की प्रियकर? थोरलीचा पक्ष असा की, ज्याला डोळे आहेत त्याला हे प्रेम दिसलेच पाहिजे. धाकटी म्हणे, दोन पुरुष एकमेकांवर जीव टाकतात एवढ्यावरून लगेच त्यांना भलते नाते चिकटविणे हा मैत्रीचा अपमान होय. अखेर “काका, आता तुम्हीच सांगा” म्हणून निवाडा आमच्याकडे आला. “पाहून सांगतो” असे म्हणून आम्ही त्या वेळी सुटका करून घेतली. परंतु पुढे खरोखरच ती मालिका पाहिली, तिच्यावरील वादही चाळला, आणि प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही अशी आमची खात्री झाली.

ज्या वाचकांनी ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जीन रॉडनबेरी यांची ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली आणि ७९ भाग दाखवून १९६९ साली बंद पडली. तेविसाव्या शतकातील एक अंतराळनौका नवनव्या ग्रहांच्या शोधात फिरते, हा तिचा विषय. नौकेचा कप्तान जेम्स कर्क हा धाडसी, उमद्या मनाचा व स्त्रियांवर लवकर भाळणारा. त्याचा उजवा हात जो स्पॉक, तो मानवी मातेचा व व्हल्कन पित्याचा पुत्र. व्हल्कन लोक विकारांना मनात थारा न देता केवळ तर्काने चालण्याचे व्रत पाळतात. आणि अर्धे रक्त मातेचे असल्यामुळे स्पॉकला हे व्रत इतरांहून जड जाते. लेनर्ड निमॉय यांनी हे जड जाणे भुवईच्या किंचित हालचालीने आणि स्वराच्या एखाद्या आवंढ्याने असे काही दाखविले आहे की, प्रेक्षक त्या चेहऱ्यामागे काय चालले असेल याचा शोध घेऊ लागतो. सर्व वादाचे मूळ या शोधात आहे. जो पात्र उघड बोलतो त्याच्याविषयी तर्क करण्याची गरज पडत नाही.

मालिका चालू असतानाच, १९६७ साली, ‘स्पॉकानेलिया’ नावाचे चाहत्यांनी स्वतः काढलेले नियतकालिक निघाले. त्याच्या मागोमाग अशी अनेक पत्रे आली. त्यांतून लिहिणाऱ्या बहुतांशी स्त्रिया होत्या. १९७४ साली ‘ग्रप’ नावाच्या अशाच एका पत्रात डायन मर्चंट या ऑस्ट्रेलियन लेखिकेची एक लहानशी प्रणयकथा आली. प्रणयी कोण ते कथेत सांगितलेले नव्हते. ते कर्क व स्पॉक होत हे लेखिकेने मागाहून उघड केले. तेव्हापासून या जातीच्या कथांचा ओघ थांबलेला नाही. वाचकांच्या सोयीसाठी एक खूण ठरून गेली. दोन नावांमध्ये ‘आणि’चे चिन्ह असले तर कथा मैत्रीची, तिरपी रेघ असली तर प्रेमाची. त्या रेघेच्या इंग्रजी नावावरून या सबंध प्रकारालाच ‘स्लॅश’ म्हणू लागले. पालीच्या माळवदावरचे भांडण हे या दोन चिन्हांमधीलच भांडण होते.

आता थोरलीचा पुरावा पाहू. १५ सप्टेंबर १९६७ रोजी दाखविलेल्या ‘अमोक टाइम’ या थिओडोर स्टर्जनलिखित भागात स्पॉकला सात वर्षांनी येणाऱ्या कामज्वराने घेरले आहे. मायदेशी जाऊन वाग्दत्त वधूशी विवाह न केला तर त्याचा मृत्यू ओढवणार. कर्क वरिष्ठांची आज्ञा मोडून, आपली सारी कारकीर्द पणाला लावून, नौका त्याच्या ग्रहाकडे वळवितो. तेथे वधू टी-प्रिंग ही स्पॉकशी लढण्यासाठी खुद्द कर्कचीच निवड करते. द्वंद्वात कर्क पडतो. आपण मित्राचा वध केला या जाणिवेने स्पॉकचा ज्वर उतरतो, विवाहाची इच्छा मावळते, आणि शिक्षा भोगण्यास तो परत येतो. नौकेवर कर्क जिवंत उभा दिसताच मात्र त्याचे व्रत क्षणात गळून पडते. तो त्याचे नाव घेऊन ओरडतो, त्याला दोन्ही हातांनी धरतो, आणि तोंडभर हसतो. पुढे १९७९च्या चित्रपटात रुग्णशय्येवरील स्पॉक कर्कचा हात हाती घेतो, आणि ज्या साध्या भावनेचे आकलन विश्व धुंडाळणाऱ्या यंत्रालाही होऊ शकत नाही ती भावना हीच, असे सुचवितो. १९८२च्या चित्रपटात स्पॉक मरतो तो काचेच्या भिंतीपलीकडे, तिच्यावर हात टेकून. १९८४च्या चित्रपटात त्याला परत आणण्यासाठी कर्क आपली नौका घालवितो, आणि त्याच मोहिमेत त्याचा मुलगाही जातो. इतके पाहिल्यावर थोरलीला वेड्यात काढणे आम्हांस शक्य नाही.

धाकटीचा पुरावाही हलका नाही. कर्कच्या आयुष्यात स्त्रिया येतात, आणि त्यांपैकी एकीवरील, एडिथ कीलरवरील, त्याचे प्रेम सर्वस्वी खरे आहे. ६ एप्रिल १९६७ रोजी दाखविलेला तो भाग या मालिकेतील उत्तम भागांत गणला जातो. शिवाय खुद्द रॉडनबेरींची साक्ष आहे. १९७९च्या चित्रपटावर त्यांनी जी कादंबरी लिहिली तीत स्पॉक कर्कला मनातल्या मनात एका व्हल्कन शब्दाने संबोधितो. तळटीपेत त्या शब्दाचा अर्थ दिला आहे तो असा की, त्यात मित्र, बंधू आणि प्रियकर हे तिन्ही येतात. त्याच टीपेत कर्कही आपले म्हणणे नोंदवितो. स्त्रीसंगातच आपल्याला खरे सुख लाभले, आणि सात वर्षांतून एकदाच पेटणारा जोडीदार निवडण्याइतके आपण वेडे नाही, असे तो थट्टेने म्हणतो. धाकटी म्हणते, लेखकाने नकार दिला, वाद संपला. थोरली म्हणते, ज्याला नकारच द्यायचा तो तीन अर्थांचा शब्द घडवील कशाला? आमच्या मते टीपेचे मर्म त्या शब्दात आहे, थट्टेत नाही. लेखकाने दार लावले खरे; कडी मात्र घातली नाही.

हा प्रश्न आपल्या काव्यशास्त्राला अपरिचित नाही. रुद्रटाने नवव्या शतकात ‘प्रेयान्’ हा निराळा रस मानून स्नेह हा त्याचा स्थायी भाव सांगितला. अभिनवगुप्तांस हे मान्य झाले नाही. स्नेह ही स्वतंत्र वस्तू नसून तो दुसऱ्या कोणत्या तरी भावात विसावतो, असे त्यांचे म्हणणे. उदाहरणे त्यांनी मोठी मार्मिक दिली आहेत: लक्ष्मणाचा भावावरील स्नेह धर्मवीरात विसावतो, तर तरुणाचा मित्रांवरील स्नेह रतीत. येथे रती म्हणजे मनाची ओढ. तिच्यावर सरसहा शृंगाराचा शिक्का मारणे योग्य होणार नाही. तथापि मित्रप्रेम आणि प्रणय यांच्यामध्ये तटबंदी नसून उतार आहे, ही गोष्ट त्या थोर आचार्यांनी हजार वर्षांपूर्वी ओळखली होती. आपली भाषाही हेच सांगते. ‘सखा’, ‘जिवलग’ हे शब्द मित्राला शोभतात तसेच प्रियकरालाही. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली एका स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम रंगभूमीवर आणले, तेव्हा त्या नायिकेला त्यांनी ‘मित्रा’ म्हटले व नाटकाला ‘मित्राची गोष्ट’ हे नाव दिले.

तेव्हा दोघी बहिणी कोठे चुकतात? एक म्हणते, “ते नुसते मित्र आहेत.” दुसरी म्हणते, “ते मित्रांहून अधिक आहेत.” ‘नुसते’ आणि ‘अधिक’ हे दोन्ही शब्द मैत्रीला खालच्या पायरीवर बसवितात. मालिकेने तसे केलेले नाही. त्या दोघांना एकमेकांहून जवळचे कोणी नाही, एवढे तिने निःसंशय दाखविले. त्या जवळिकीची जात कोणती, हे तिने सांगितले नाही. म्हणून टीकाकार या नात्याने “हे असेच आहे” असे म्हणण्याचा अधिकार थोरलीला नाही, आणि “हे असूच शकत नाही” असे म्हणण्याचा धाकटीलाही नाही. परंतु कथा लिहिणारीची गोष्ट निराळी. जे मूळ कृतीने मोकळे सोडले ते भरून पाहण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

हा अधिकार पाश्चात्त्य स्त्रियांनी नव्याने शोधून काढला असे कोणी समजू नये. जात्यावर बसणाऱ्या आमच्या आज्यांनी रामायणाचे दुसरे काय केले? हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बायांच्याही ओव्या आहेत. दळणाऱ्या बायांनी सीतेचा वनवास आपल्या शब्दांत गायिला, आणि पोथीने जेथे मौन धरले तेथे त्या बोलल्या. त्या ओव्यांखाली कोणाची सही नव्हती, त्या विकावयाच्याही नव्हत्या. या कथाही चाहत्यांच्या छोट्या पत्रांतून, सायक्लोस्टाइल केलेल्या पानांवरून, हातोहात फिरल्या. जोआना रस या विज्ञानकथालेखिकेने १९८५ साली या कथांचा विचार करताना, त्यांतील प्रेम समानांचे आहे, या गोष्टीवर बोट ठेवले. जेथे प्रेमासाठी दोघांपैकी कोणालाच आपले काम व पराक्रम सोडावा लागत नाही, असे नाते स्त्रियांना स्त्री-पुरुषांच्या कथांत क्वचितच वाचावयास मिळत असे.

अधिकार आहे म्हणून सर्व कथा चांगल्या, असे मात्र नव्हे. ज्या कथेत स्पॉकचा संयम दुसऱ्याच पानावर विरघळतो, ती वाचून मूळ स्पॉक आपल्याला अधिक कळत नाही. तेथे कोणतीही दोन नावे घातली तरी चालतील. याहून मोठा दोष असा की, दोन पुरुषांना एकत्र आणण्याच्या घाईत वाटेतील स्त्रियांना बाजूस लोटले जाते. मनातून स्पॉकवर प्रेम करणारी परिचारिका चॅपल हास्यास्पद होते, आणि टी-प्रिंग दुष्ट ठरते. वस्तुतः ‘अमोक टाइम’मध्ये तिने काय केले? लहानपणी ठरविलेला विवाह तिला नको होता, तिचे मन दुसऱ्यावर होते, आणि रूढीने दिलेल्या एकमेव संधीचा तिने असा उपयोग केला की कोणीही जिंको, तिचा हेतू साधावा. स्वतः स्पॉकने तिच्या तर्काची वाखाणणी केली. स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या साहित्यात तिला वकील मिळू नये, याचे आम्हांस वाईट वाटते.

शेवटी एक गोष्ट, आणि ती केवळ साहित्याची नाही. २०१६ साली याच मालिकेच्या नव्या चित्रपटात सुलू या पात्राला पुरुष जोडीदार दाखविला, तेव्हा मूळचा सुलू रंगविणारे जॉर्ज टाकेई, जे स्वतः समलिंगी आहेत, त्यांनीच मूळ पात्र तसे नव्हते म्हणून हरकत घेतली. म्हणजे धाकटीचा पक्ष घेणारा प्रत्येक जण समलिंगी प्रेमाचा द्वेष्टा असतो असे नाही. पण तिच्या तोंडून एक शब्द गेला, तो आम्हांस खटकला: ‘भलते’. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या अशा संबंधांवरील गुन्ह्याचा कलंक पुसला. घराघरांतील बोलण्यातून मात्र तो अजून पुसला गेलेला नाही. माळवदावर भांडण रंगात येई तेव्हा आसपास इतर मुलेही अंथरुणावर जागी असत. त्यांपैकी एखाद्याच्या मनात हाच प्रश्न कर्क आणि स्पॉक यांच्याविषयी नसून स्वतःविषयी असेल, तर आपल्या घरात त्याला कोणते नाव आहे हे त्याने त्या शब्दावरून ताडले असेल.

हा अंक निघाला की एक प्रत पालीला पाठवू. धाकटीने आपला पक्ष खुशाल लढवावा. तो लढविण्यासारखा आहे. ‘भलते’ हा शब्द तेवढा त्यातून वगळावा. आणि थोरलीने ‘अमोक टाइम’ पुन्हा एकदा पाहावा, या खेपेस टी-प्रिंगच्या बाजूने.