तारणाचा दावा आणि परधर्माचा आदर

येशू ख्रिस्त हाच एकमेव तारणारा आहे, असे मानणाऱ्या धर्माला अन्य धर्मांचा आदर करता येतो काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र काढून या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिले. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही, अशी भूमिका त्यात असून बौद्ध धम्माचाही उल्लेख सन्मानाने केलेला आहे. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांचा 'क्रॉसिंग द थ्रेशोल्ड ऑफ होप' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा या सन्मानाची कसोटी लागली.

त्यातील धम्मविषयक प्रकरणाचा आशय असा : जग वाईट असून तेच दुःखाचे मूळ आहे, त्याविषयी उदासीन होणे म्हणजे निब्बाण, सबब ही मुक्ती नकारात्मक होय. पालि तिपिटकाच्या आधारे हे विधान टिकत नाही. दुसऱ्या अरियसच्चात दुःखाचे कारण तण्हा सांगितले आहे, जग नव्हे. निब्बाण म्हणजे राग, दोस व मोह यांचा क्षय. उपेक्खेला बेपर्वाई म्हणावे, तर ब्रह्मविहारांत ती मेत्ता, करुणा व मुदिता यांच्या सोबतीनेच येते. संबोधीनंतर तथागतांनी पहिल्या अर्हतांना बहुजनांच्या हितासाठी चारिकेवर पाठविले, हे तर विनयपिटकच सांगते.

जानेवारी १९९५ मध्ये पोप श्रीलंकेत गेले. मूळचे गोव्याचे धर्मगुरू जोसेफ वाझ यांना धन्यपद देण्याचा तो प्रसंग होता. तेथील प्रमुख भिक्खूंनी सर्वधर्मीय भेटीवर बहिष्कार टाकला. त्यांचा आक्षेप या प्रकरणातील मांडणीला होता, आणि तो रास्त होता असे आमचे मत आहे.

मात्र आपणही स्वतःला विचारले पाहिजे : असा ठाम दावा आपल्याकडे नाही काय? महापरिनिब्बानसुत्तात तथागत सुभद्दाला सांगतात की, ज्या धम्मविनयात अरिय अट्ठंगिक मग्ग नाही, तेथे खरा समण आढळत नाही. त्याच तथागतांनी उपालिसुत्तात, निगंठांचा पक्ष सोडून आलेल्या उपालि गहपतीला, निगंठांना पूर्ववत दान देत राहण्यास सांगितले. मत ठाम व वर्तन उदार, अशी ही रीत आहे. तेव्हा एकमेव तारणाऱ्यावरील श्रद्धेला आम्ही अनादर म्हणणार नाही.

जर्मन जेझुइट धर्मपंडित कार्ल रानर यांनी 'अनामिक ख्रिस्ती' ही कल्पना मांडली. अन्यधर्मीय सज्जनालाही, त्याच्या नकळत, ख्रिस्ताच्याच कृपेने तारण लाभते, असे त्यांचे प्रतिपादन. हेतू उदार आहे. पण हे औदार्य आपल्या परिचयाचे आहे. बुद्धाला विष्णूचा अवतार ठरविणाऱ्यांनीही हेच केले, आणि बाबासाहेबांनी १९५६ साली बावीस प्रतिज्ञांत ते स्पष्टपणे नाकारले. त्यापेक्षा व्हॅटिकनचे २००० सालचे 'डोमिनुस येसुस' आम्हांला अधिक सरळ वाटते. संवादातील समता व्यक्तींच्या प्रतिष्ठेची आहे, सिद्धांतांची नव्हे, असे ते उघड म्हणते. अन्यधर्मीयांची स्थिती उणी असल्याचा त्याचा निष्कर्ष आम्हांला अमान्य आहे. परंतु मतभेद कोठे आहे, हे तरी त्यातून कळते.

तो मतभेद बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात दोन शब्दांत मांडला आहे : बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेत तारण कृपेने लाभते. धम्मात मार्गावर ज्याचे त्याने चालायचे असते. हा भेद कायम ठेवूनही मैत्री होऊ शकते. जानेवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत वाझ यांना संतपद दिले आणि त्याच दौऱ्यात एका बौद्ध विहारालाही भेट दिली. अशा भेटींचे आम्ही स्वागतच करतो. त्यापुढे त्यांनी तिपिटक वाचावे, आपण शुभवर्तमाने वाचावीत, आणि परस्परांच्या धर्माविषयी असे लिहावे की त्या धर्माच्या अनुयायाला त्यात आपला धर्म ओळखता येईल.